जेनिफर म्हणजे 'पांढरी लाट' नव्हे

गोवा, वसई, वांद्रे, माहीम इथल्या ख्रिस्ती घरांत जेनिफर हे नाव इतकं रुळलं आहे, की ते मुळात कुठलं हा प्रश्न सहसा कोणाला पडत नाही. पडलाच तर बाळांच्या नावांच्या याद्या एका ओळीत उत्तर देऊन मोकळ्या होतात: 'मूळ वेल्श, अर्थ पांढरी लाट'. काही याद्यांत लाटेच्या जागी 'गोरी आणि मृदू' असतं. यातला 'पांढरी' किंवा 'गोरी' हा भाग बरोबर आहे. लाट आणि मृदुपणा मात्र नावात कुठेच नाहीत. आणि 'मूळ वेल्श' हेही अर्धंच खरं.

नातं आधी नीट लावून घेऊ. जेनिफर हे रूप कॉर्नवॉलमधलं. कॉर्नवॉल म्हणजे इंग्लंडचं नैऋत्य टोक, अटलांटिकमध्ये घुसलेली निमुळती जमीन. रोमन राजवटीत ब्रिटनच्या मोठ्या भागात जी केल्टिक भाषा बोलली जायची, तिला अभ्यासक ब्रिटॉनिक म्हणतात. पाचव्या-सहाव्या शतकांपासून अँग्लो-सॅक्सन टोळ्या पूर्वेकडून पसरत गेल्या, तशी ही भाषा पश्चिमेच्या कडांवर रेटली गेली आणि तिच्या तीन शाखा झाल्या. वेल्समध्ये वेल्श, कॉर्नवॉलमध्ये कॉर्निश, आणि समुद्र ओलांडून फ्रान्सच्या ब्रितानी प्रांतात गेलेल्यांची ब्रेतॉन. ब्रिटनच्या दंतकथांतला राजा आर्थर, त्याच्या कथा या तिन्ही भाषांच्या सामायिक. त्याच्या राणीला इंग्रजी वाचक गिनिव्हिअर म्हणतो, वेल्शमध्ये ती ग्वेनहुइवार. कॉर्नवॉलमध्ये तिच्याच नावाचं जेनिफर झालं. म्हणजे जेनिफर ही ग्वेनहुइवारची मुलगी नव्हे, बहीण म्हणायला हवी.

मग अर्थ शोधायला वेल्शकडे का जायचं? कारण जुनं वेल्श लेखन भरपूर टिकलं आणि कॉर्निश फार थोडं. विल्यम मॉर्गन यांनी 1588 मध्ये संपूर्ण बायबल वेल्शमध्ये आणलं, चर्चमध्ये दर रविवारी ती भाषा वाचली जाऊ लागली आणि त्या आधाराने ती तगली. कॉर्निशच्या वाट्याला असं बायबल आलं नाही. अठराव्या शतकात ती भाषा रोजच्या वापरातून गेली. माउसहोल या कोळी गावातली डॉली पेंट्रीथ 1777 मध्ये वारली, तिला लोक कॉर्निशची शेवटची भाषक मानतात. (विसाव्या शतकात काही हौशी लोकांनी भाषा पुन्हा उभी केली, पण तो वेगळा विषय.)

नाव नीट वाचायचं कसं

वेल्श लिहिली जाते रोमन लिपीत, पण अक्षरांची कामं इंग्रजीपेक्षा वेगळी आहेत, आणि पहिली चूक इथेच होते. 'डब्ल्यू' हे बऱ्याचदा स्वराचं काम करतं: उ किंवा ऊ. एकटा 'एफ' म्हणजे व. फ हवा असेल तर 'एफ' दोनदा लिहायचा. 'सी' नेहमी क, 'जी' नेहमी ग. ज हा आवाज जुन्या वेल्शमध्ये नव्हताच. आज 'जे' हे अक्षर दिसतं ते इंग्रजीतून घेतलेल्या शब्दांत. शब्दाचा जोर शेवटून दुसऱ्या अवयवावर, म्हणजे उच्चाराच्या तुकड्यावर, पडतो. हे सगळं लावलं की राणीचं नाव तीन तुकड्यांत नीट बोलता येतं: ग्वेन, हुइ, वार. जोर 'हुइ'वर.

मराठीत हे नाव 'ग्वेनहायफर' असं लिहिलं जातं तेव्हा दोन आवाज एकदम बिघडतात. नुसता उच्चाराचा प्रश्न असता तर सोडून दिलं असतं. पण व च्या जागी फ धरून मूळ शोधायला गेलं की शोध भलत्याच शब्दांपाशी पोचतो.

पहिला तुकडा: ग्वेन

हा भाग सोपा आहे आणि त्यावर वादही नाही. वेल्शमध्ये पांढरा म्हणजे ग्विन, पांढरी म्हणजे ग्वेन. लिंगाप्रमाणे विशेषण बदलणं मराठी माणसाला समजावून सांगायला नको. फरक एवढाच की मराठीत शेवटचा स्वर बदलतो, वेल्शमध्ये पोटातला. पिवळा तो मेलिन, पिवळी ती मेलेन. आखूड तो बिर, आखूड ती बेर.

हे असं का झालं, तेही कळतं. प्राचीन केल्टिकमध्ये पांढरा होता 'विन्दोस' आणि पांढरी 'विन्दा'. शेवटच्या आ ने आधीच्या इ ला आपल्याकडे ओढून ए केलं, आणि नंतर तो स्वतःच गळून गेला. वेल्शने शब्दांच्या अशा शेपट्या सरसकट टाकून दिल्या. प्रत्यय गेला, पण जाताना खूण ठेवून गेला. सुरुवातीच्या व चा ग्व होणं हाही वेल्शचा पक्का नियम आहे: लॅटिन 'वीनुम', म्हणजे द्राक्षाची दारू, वेल्शमध्ये 'ग्वीन' झाली. 'विन्दो' हा शब्द रोमन काळातल्या गावांच्या नावांत जसाच्या तसा सापडतो. उत्तर इंग्लंडमधल्या रोमन हेड्रियन भिंतीजवळचा विन्दोलांदा हा किल्ला, जिथे सैनिकांची लाकडी पातळ फळ्यांवरची पत्रं मिळाली, आणि विन्दोबोना, म्हणजे आजचं व्हिएन्ना.

वेल्शमध्ये शब्दाचं पहिलं अक्षरही परिस्थितीप्रमाणे बदलतं. स्त्रीलिंगी नामामागे विशेषण आलं की त्याचा ग गळतो, आणि ग्वेनचं 'वेन' होतं. म्हणून नावाच्या शेवटी 'वेन' दिसलं की तिथे हीच पांढरी बसलेली असते. ब्रॉनवेनमध्ये 'ब्रॉन' म्हणजे छाती. ऑलवेनमध्ये 'ओल' म्हणजे पाऊलखूण. ऑलवेनचं नाव का पडलं ते 'किलहुख आणि ऑलवेन' या जुन्या वेल्श कथेतच सांगितलेलं आहे: ती चालेल तिथे तिच्या पावलामागे चार पांढरी क्लोव्हरची फुलं उगवायची.

आता पांढरी म्हणजे कातडीने गोरी, एवढंच का? नाही. वेल्श बायबलमध्ये डोंगरावरच्या प्रवचनातलं 'धन्य ते' हे 'ग्विन ए बीद' असं येतं. शब्दाला शब्द लावला तर 'पांढरं त्यांचं जग'. पांढरं, उजळ, मंगल, पवित्र, हे सगळे अर्थ त्या एका शब्दात नांदतात. मराठी वाचकाला यात नवल वाटू नये. 'शुभ्र' आणि 'शुभ' हे आपल्याकडेही एकाच धातूतून निघाले आहेत. त्यामुळे ग्वेनचं भाषांतर नुसतं 'गोरी' करणं हे आजच्या जाहिरातींच्या कानांनी जुना शब्द ऐकण्यासारखं आहे.

दुसरा तुकडा: हुइवार

खरी गंमत इथे आहे. 'हुइवार' हा शब्द वेल्शमध्ये सुटा वापरात नाही. ज्या शब्दाचा वापर उरलेला नाही त्याचा अर्थ लावायचा कसा? अंदाजाने नाही. ध्वनिबदलाचे नियम लावून उलट्या दिशेने मागे जायचं, आणि तिथे जे रूप निघेल ते एखाद्या बहिणीच्या भाषेत टिकलं आहे का ते पाहायचं.

हुइवारचे तीन सांधे तपासू.

पहिला, ह. वेल्शमधला शब्दारंभीचा ह पुष्कळदा जुन्या स चा असतो. मीठ लॅटिनमध्ये 'साल', आयरिशमध्ये 'सालन', वेल्शमध्ये 'हालेन'. म्हातारा वेल्शमध्ये 'हेन'. त्याचाच भाऊबंद संस्कृतातला 'सन', जो आपल्याला 'सनातन'मध्ये भेटतो. सूर्य वेल्शमध्ये 'हाइल', आणि 'सूर्य' व 'हाइल' हे दोन्ही एकाच इंडो-युरोपीय शब्दाचे वंशज आहेत. तेव्हा ह च्या जागी स ठेवायचा.

दुसरा आणि तिसरा सांधा एकाच उदाहरणात दिसतो. लॅटिन 'प्लेबेम', म्हणजे सामान्य लोक, वेल्शने रोमन काळात उचलला आणि चर्चच्या भाषेत त्याचा अर्थ झाला धर्मग्राम, म्हणजे पॅरिश. आजचा वेल्श शब्द आहे 'प्लुइव'. दीर्घ ए चा उइ झाला, दोन स्वरांमधल्या ब चा व झाला, शेपूट गळली. लॅटिन 'रेते' म्हणजे जाळं, त्याचं 'रुइद' झालं. तिथेही ए चा उइ. तेव्हा उइ च्या जागी दीर्घ ए आणि व च्या जागी ब.

आता सगळं परत बसवलं की 'सेबार' असं रूप मिळतं, शेवटी गळलेला प्रत्यय धरून 'सेबारा'. हे असं हवेत उभं केलेलं रूप कोणीही बनवू शकतो. त्याला साक्षीदार हवा. तो आयरिशमध्ये आहे. जुन्या आयरिशमध्ये 'सियाबर' हा शब्द खराखुरा वापरात होता: छायारूप, भूत, इहलोकाबाहेरचं अस्तित्व. एवढंच नाही, तर पांढरा आणि सियाबर यांची जोड लावलेलं स्त्रीनावही तिथे आहे. आयर्लंडच्या कॉनाख्त प्रांताची राणी मेव्ह आणि राजा आलिल यांची मुलगी फिन्दावर. आयरिशमध्ये जुन्या व चा फ होतो, म्हणून विन्द तिथे 'फिन्द'. दोन वेगळ्या शाखांत, दोन वेगळ्या राजघराण्यांच्या कथांत, तुकड्याला तुकडा जुळणारं तेच नाव. व्युत्पत्तीच्या कामात याहून चांगली साक्ष क्वचितच हाती लागते.

तर ग्वेनहुइवारचा अर्थ 'शुभ्र छाया', 'उजळ अदृश्य-रूपिणी'. 'पांढरं भूत' असंही म्हणता येईल, पण मराठीत ते ऐकताच चिंचेचं झाड आठवतं आणि मूळ नावातली शोभा जाते. त्या काळच्या केल्टिक कथांमधले परलोकीचे लोक देखणे, तेजस्वी आणि धोक्याचे असतात. आपल्याकडची यक्षिणी त्यातल्या त्यात जवळची.

लाटेचं काय? वेल्शमध्ये लाटेला 'तॉन' म्हणतात. गुळगुळीत म्हणजे 'लिव्ह्न', मऊ म्हणजे 'मेदल'. यातला एकही शब्द कुठल्याही नियमाने 'हुइवार'पर्यंत येत नाही. लाट आणि मृदुपणा हे सुरुवातीला कोणीतरी लावलेले तर्क असणार. एका यादीने दुसरीवरून उतरवून घेत घेत त्यांना वय आलं, आणि वय झालं की अंदाजालाही मान मिळतो.

'थोरली ग्वेनहुइ' हा दुसरा तर्क

एक पर्यायी मत मात्र विचार करण्यासारखं आहे. वेल्शमध्ये मोठा म्हणजे 'माउर' आणि लहान म्हणजे 'बाख'. स्त्रीनामामागे पहिलं अक्षर बदलून त्यांचं 'वाउर' आणि 'वाख' होतं. आणि जुन्या वेल्श परंपरेत राणीला एक बहीण आहे, तिचं नाव ग्वेनहुइवाख! मग ग्वेनहुइवार म्हणजे 'थोरली ग्वेनहुइ' आणि बहीण म्हणजे 'धाकटी ग्वेनहुइ' असं तर नसेल? वेल्श त्रिपदींमध्ये, म्हणजे परंपरेतल्या गोष्टी तीन-तीनच्या गटांत बांधून लक्षात ठेवण्याच्या याद्यांमध्ये, असंही सांगितलं आहे की या दोन बहिणींमधल्या एका तडाख्यावरून कामलानची लढाई पेटली. आर्थर पडला तीच ती लढाई.

मत आकर्षक आहे, पण एका ठिकाणी अडतं. जोर नसलेल्या शेवटच्या अवयवातला 'आउ' वेल्शमध्ये पुढे 'ओ' होतो: घोडेस्वार 'मार्खाउग'चा 'मार्खोग' झाला, पाप 'पेखाउद'चं 'पेखोद' झालं. तेव्हा 'ग्वेनहुइवाउर'चं 'ग्वेनहुइवोर' व्हायला हवं होतं. तसं झालं नाही. शिवाय आयरिश फिन्दावर मग नुसती योगायोगाची ठरते. जास्त पटणारी शक्यता अशी, की हुइवारचा अर्थ लोक विसरल्यावर कोणा कथेकऱ्याला 'वार'मध्ये 'वाउर' ऐकू आलं आणि त्यावरून त्याने धाकटी बहीण घडवली.

त्रिपदींचा विषय निघालाच आहे तर हेही सांगायला हवं, की तिथे आर्थरच्या तीन थोर राण्या मोजल्या आहेत आणि तिघींचंही नाव ग्वेनहुइवारच आहे, वडील तेवढे वेगवेगळे. मोजणाऱ्यांना त्यात काही खटकलेलं दिसत नाही.

लेखणीबरोबर बदलत गेलेलं नाव

बाराव्या शतकात हे नाव वेल्सबाहेर पडलं आणि प्रत्येक लेखकाने ते आपल्या कानाने लिहिलं. जेफ्री ऑफ मॉन्मथ याने 1136 ते 1138 च्या सुमारास लॅटिनमध्ये ब्रिटनच्या राजांचा इतिहास लिहिला, इतिहास कमी आणि रचलेलं जास्त. त्याच्या हस्तलिखितांत राणी 'ग्वानहुमारा', 'ग्वेनहुवारा' अशा रूपांत येते. एवढी रूपं का, हे त्या काळचं हस्तलिखित पाहिलं की लगेच कळतं. आय, यू, एन, एम ही अक्षरं तेव्हा एकाच मापाच्या उभ्या दांड्यांनी काढत: आयला एक दांडी, यू आणि एनला दोन, एमला तीन. यू आणि व्ही तर वेगळी अक्षरंच नव्हती. ओळखीच्या शब्दात वाचणारा अंदाजाने दांड्या वेगळ्या करतो. परक्या भाषेतल्या नावात सात-आठ दांड्या सलग आल्या की प्रत करणारा मोजतो, चुकतो आणि पुढे जातो.

इटलीतल्या मोदेना शहराच्या कॅथेड्रलवर, उत्तरेच्या दाराच्या कमानीत, याच शतकातलं एक शिल्प आहे. किल्ल्यात अडकलेली एक स्त्री, आणि तिला सोडवायला घोड्यांवरून आलेले सरदार, बहुतेकांच्या डोक्यावर कोरलेलं नाव. स्त्रीच्या डोक्यावर 'विनलोजी' असं आहे. हे रूप ब्रेतॉन वाटेने आलेलं दिसतं. म्हणजे राणीच्या अपहरणाची गोष्ट तिथवर दगडात पोचली होती, आणि नाव वाटेत ओळखू येणार नाही इतकं बदललं होतं. वेल्समधल्या लान्कार्वनच्या काराडोकने संत गिल्डासच्या चरित्रात हीच अपहरणाची गोष्ट दिली आहे. तिथे राणीला मेलवास नावाचा राजा ग्लास्टनबरीला पळवून नेतो.

फ्रेंच कवी क्रेतियाँ द त्र्वा याने बाराव्या शतकाच्या उत्तरार्धात राणीला आर्थरचा सरदार लान्सलॉट याची प्रेयसी केलं. फ्रेंचमध्ये ती 'गनिएव्र'. तिथून इटालियनमध्ये 'जिनेव्रा'. इंग्रजीत मध्ययुगात 'गेनर' असं आटोपशीर रूप झालं, ते आजही वेल्समध्ये मुलींना ठेवतात. स्कॉटलंडमध्ये 'व्हानोरा'. आणि कॉर्नवॉलमध्ये जेनिफर.

ग्व चा ज कसा झाला? कॉर्निशच्या स्वतःच्या नियमांत हा बदल बसत नाही. यात लेखणीचा हात असावा. फ्रेंच-लॅटिन वळणाने 'जी'नंतर लगेच 'ई' लिहिलं की वाचणारा तो 'जी' ज सारखा म्हणतो. इटालियन जिनेव्राचा ज असाच आला. कॉर्नवॉलच्या चर्चमधल्या नोंदवह्या इंग्रजी शिकलेल्या पाद्र्यांच्या हातच्या. त्यांत हे नाव एक एन घालून, दोन ई घालून, कधी 'पीएच' घालूनही लिहिलेलं सापडतं. ठरलेलं स्पेलिंग नव्हतंच.

अडीचशे मैलांवरच्या लंडनला मात्र हे नाव ठाऊक नव्हतं. जॉर्ज बर्नार्ड शॉ यांच्या 'द डॉक्टर्स डिलेमा' या नाटकाचा पहिला प्रयोग 1906 मध्ये लंडनच्या रॉयल कोर्ट थिएटरात झाला. नायिका जेनिफर ड्यूबेदात. डॉक्टर तिचं नाव ऐकून म्हणतो, काय विचित्र नाव! ती सांगते, कॉर्नवॉलमध्ये विचित्र नाही, तुम्ही ज्याला गिनिव्हिअर म्हणता तेच हे. प्रेक्षकांना नाव समजावून सांगण्यासाठी नाटककाराला संवाद खर्च करावा लागला, यावरून ते किती अनोळखी होतं ते कळतं.

त्यानंतर ते ब्रिटनभर पसरलं, आणि पुढे अमेरिकेत. फिलिस आयझ्ली नावाच्या नटीला हॉलिवुडच्या निर्मात्याने जेनिफर जोन्स हे नाव दिलं, आणि 1944 मध्ये तिला ऑस्कर मिळालं. अमेरिकेच्या सोशल सिक्युरिटी खात्याच्या यादीत जेनिफर 1938 मध्ये पहिल्या हजार नावांत शिरलं आणि 1970 ते 1984 अशी सलग 15 वर्षं मुलींच्या नावांत पहिलं राहिलं. 1970 च्या 'लव्ह स्टोरी' चित्रपटामुळे हे झालं असं सर्रास सांगतात. नायिकेचं नाव जेनिफर होतं हे खरं. पण तो चित्रपट 1970 च्या डिसेंबरात आला, आणि नाव त्याआधीच पहिल्या दहांत होतं. चित्रपटाने चढत्या नावाला हात दिला, एवढंच. 1985 मध्ये जेसिकाने त्याला खाली ढकललं. म्हणून अमेरिकेत आज जेनिफर म्हटलं की डोळ्यांसमोर पन्नाशीच्या आसपासची बाई येते, शाळकरी मुलगी नाही.

भारतात

आपल्याकडे हे नाव इंग्रजीतून आलं. गोव्यातल्या पोर्तुगीज वळणाच्या जुन्या नावांत, मारिया, आना, पिएदादे, फिलोमेना यांच्या रांगेत, जेनिफर नव्हती. पोर्तुगीजमध्ये राणीचं नाव 'जेनेब्रा' होतं, जेनिफर नव्हे. मुंबईला हे नाव परिचयाचं होण्यात जेनिफर केंडल यांचाही वाटा धरावा लागेल. इंग्लंडमध्ये 1930 च्या दशकात, म्हणजे तिथे जेनिफरची चलती होत असतानाच जन्मलेल्या, वडिलांच्या 'शेक्सपिअराना' या फिरत्या नाटक मंडळीबरोबर भारतभर हिंडलेल्या, आणि शशी कपूर यांच्याबरोबर 1978 मध्ये जुहूला पृथ्वी थिएटर उभं करणाऱ्या त्याच.

कॉर्नवॉलची माणसं मात्र त्याआधीच भारतात आली होती, सोन्याच्या मागे. कोलारच्या सोन्याच्या खाणींत एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी कॉर्निश खाणकामगार आणले गेले. कॉर्नवॉलच्या कथिल आणि तांब्याच्या खाणी बसल्यावर हे लोक जगभर पांगले, आणि जिथे गेले तिथे पुरुषांना 'कझिन जॅक' आणि बायकांना 'कझिन जेनी' म्हटलं गेलं.

इथे एक घोटाळा सोडवायला हवा. आज जेनी हे जेनिफरचं लाडकं रूप, पण जुनी जेनी जवळपास नेहमी जेन, जॅनेट किंवा योहाना असते, आणि ती नावं हिब्रू मुळाची, 'देव कृपाळू आहे' या अर्थाची. कार्ल मार्क्सची पत्नी जेनी हिचं पहिलं नाव योहाना. स्वीडिश गायिका जेनी लिंड हीसुद्धा योहाना. तेव्हा पणजीचं नाव जेनी होतं म्हणून घराण्यात जेनिफर आहे असं समजायचं नाही. बाप्तिस्म्याचा दाखला पाहायचा.

दुसरा घोटाळा जेनेविव्हचा. पॅरिसची संत जेनेविव्ह, लॅटिनमध्ये जेनोवेफा, हिचा सण 3 जानेवारीला असतो. जेनिफर नावाच्या मुलीला नामसण, म्हणजे आपल्या नावाच्या संताचा सण, हवा असतो आणि जेनिफर नावाची जुनी संत नाही, म्हणून कोणीतरी हीच तारीख सुचवतं. श्रद्धा म्हणून काही बिघडत नाही. पण नाव वेगळं आहे. त्यात ग्वेनही नाही आणि हुइवारही नाही. ग्वेन असलेली संतच हवी असेल तर वेल्समधल्या होलीवेलच्या झऱ्याची संत विनिफ्रेड आहे, वेल्शमध्ये ग्वेनव्रेवी. तिचा सण 3 नोव्हेंबरला. कॅथलिक चर्चच्या 1917 च्या कायद्यात बाप्तिस्म्याला संताच्या नावाचा आग्रह होता, आणि पालक ऐकेनात तर पाद्र्याने संताचं नाव जोडून लिहावं असं होतं. 1983 च्या कायद्यात नाव ख्रिस्ती भावनेला परकं नसावं, एवढीच अट उरली. त्यामुळे साठ-सत्तर वर्षांपूर्वीच्या नोंदीत जेनिफरच्या मागेपुढे दुसरं एखादं नाव सापडलं तर ते वाचताना गाळू नये.

तिसरा घोटाळा इटालियन. जिनेव्रा हे तिथे जिनिव्हा शहराचंही नाव, आणि 'जिनेप्रो' म्हणजे जुनिपरचं झुडूप. तिन्ही शब्द मुळात वेगळे. लिओनार्दो दा विंचीने या साम्याचा मुद्दाम खेळ केला: वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीत असलेल्या जिनेव्रा दे बेंची हिच्या चित्रात तिच्या डोक्यामागे काळपट हिरव्या, काटेरी जुनिपरची दाट जाळी आहे, आणि फळीच्या मागच्या बाजूलाही जुनिपरची डहाळी रंगवली आहे. चित्रात हा श्लेष शोभतो. नावांच्या पुस्तकाने तो खरा मानून 'जेनिफर म्हणजे जुनिपर' लिहिलं तर ती चूक.

कुठल्याही नावाचा अर्थ तपासताना हेच क्रम लावावेत. आजच्या स्पेलिंगचे तुकडे पाडून शब्दकोशात शोधायचे नाहीत. आधी सगळ्यात जुनं लेखी रूप गाठायचं, ते कुठल्या भाषेतलं आणि कुठल्या शतकातलं हे पाहायचं, मग त्या भाषेचे ध्वनिनियम. दिलेला अर्थ त्या भाषेतल्या कुठल्या शब्दावर उभा आहे ते सांगता येत नसेल, तर तो सोडून द्यायचा. ज्या यादीत एकाच नावाला तीन वेगळे अर्थ स्वल्पविराम देऊन लिहिलेले असतात, तिथे कोणीच तपासलेलं नसतं, हे धरून चालावं.

आणि स्पेलिंग. रोमन लिपीत एक एन की दोन, यावर घरात वाद होतात. एक एन ही चूक नाही. कॉर्नवॉलच्या जुन्या नोंदींत तेच जास्त आहे, दोन एन नंतर प्रमाण झाले. हवं ते घ्यावं, पण बाप्तिस्म्याचा दाखला, जन्मदाखला, शाळा, आधार आणि पासपोर्ट या सगळ्यांवर तेच असावं. एका अक्षराचा फरक राहिला तर पुढे कागद जुळत नाहीत आणि राजपत्रात बदल जाहीर करण्यापर्यंत वेळ येते. देवनागरीत 'जेनिफर' पुरे. 'नी' दीर्घ करण्याचं कारण नाही, मुळात तो स्वर ऱ्हस्व आहे. अस्सल वेल्श वळणच हवं असेल तर 'गाइनोर' आहे, गेनरचं वेल्श लेखन. रोमनमध्ये ते 'ए' आणि 'ई' एकत्र घालून लिहितात आणि उच्चार 'गाइ' होतो. भारतात शिक्षक ते पहिल्या दिवशी 'गेनॉर' वाचतील, एवढं धरून ठेवावं.